बाहेरच्या खुर्च्या

"फोन करून टेबल सांगून ठेवलं होतं, तरी बसवलंच बाहेर!" हॉटेलच्या दाराशी खुर्चीत ताटकळलेल्या एक आजी करवादल्या.

"आत गेल्यावर पाणीसुद्धा तीनदा मागावं लागतं," मांडीवरच्या बाळाचं टोपडं सारखं करत शेजारच्या खुर्चीतली मृण्मयी म्हणाली.

"अगदी खरं बोललीस गं!" आजींनी टाळी दिली. नवरा मस्कतला गेल्यापासून मृण्मयीशी एवढं कुणी बोललंच नव्हतं.

तेवढ्यात वेटरने दारातून तिचं नाव पुकारलं. काचेतून भिंतीकडचं टेबल दिसलं आणि समोरची रिकामी खुर्ची.

"आमचे हे यायचेत अजून," ती घाईने म्हणाली. "आजींना घ्या आधी. माझं नाव शेवटी टाका."

"गुणाची गं पोर!" म्हणत आजी आत गेल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या बाई येऊन टेकल्या.

मृण्मयीने लगेच विचारलं, "तुम्हीसुद्धा फोन करून टेबल सांगितलं होतं का हो?"