अध्यक्षांचं नाक

"हे माझं नाक आहे," असं म्हणून अध्यक्ष डेस्मंड ओल्डरशॉ यांनी भिंग टेबलावर आदळलं.

भिंगाशेजारी अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा राक्षस उभा होता. कुठल्याशा दूरच्या ग्रहावरचा सेनापती. एक हात खेकड्याचा, पाठीवर दोन धुरांडी आणि चेहऱ्याच्या मधोमध फुगलेलं, डावीकडे कललेलं नाक. ओल्डरशॉंनी आपला चेहरा त्याच्या शेजारी आणला. साम्य नाकारायला माणूस आंधळा तरी हवा होता, नाहीतर त्यांच्या हाताखाली नोकरीला तरी.

राक्षस आणि त्याच्यामागे रांगांनी उभं असलेलं सैन्य कीथ विडोसनचं होतं. नॉटिंगहॅमच्या बाहेर, चर्चमागच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकची चिमुकली सैन्यं घडवणाऱ्यांच्या क्लबची वार्षिक स्पर्धा चालली होती. सुट्या भागांचा डबा विकत घ्यायचा आणि वरच्या चित्राबरहुकूम सैनिक चिकटवायचे, असल्या माणसांना या क्लबात कुणी उभं करत नसे. इथे एकाचा हात, दुसऱ्याचा पाय, तिसऱ्या रणगाड्याची नळी जोडून, फटींत हिरवी पुट्टी भरून असं काही उभं करायचं, की कारखान्यालाही ओळखू येऊ नये. डबा उघडला की आधी डोकी कापून केराच्या टोपलीत. जेवणाआधी हात धुवावेत तसं. घरी ज्यांना पडद्याचा रंगही कुणी विचारत नसे, ती माणसं इथे ग्रहच्या ग्रह बेचिराख करत.

कीथला चषक हवा होता. अगदी मनापासून हवा होता. दर वर्षी परीक्षक त्याच्या सैन्याकडे बघून "मेहनत दिसते" म्हणत आणि पुढच्या टेबलाकडे वळत. त्याच्या बायकोने, पॉलीनने, शेकोटीवरच्या फळीवर चषकासाठी मोकळी ठेवलेली जागा आता विजेच्या बिलांनी बळकावली होती.

"अहो डेस्मंड, पण ते नाक..." कीथ म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस. सभासदाची टिंगल म्हणजे हकालपट्टी. गॅरेथ, तू बघ जरा."

खजिनदार गॅरेथने साक्ष द्यायला म्हणून भिंग उचललं. बघता बघता त्याचा चेहरा पडला. "अरे, हा तर मी! तिसऱ्या रांगेतला, तोंड वासून पळतोय तो. हनुवटी बघा ना!" थोडं थांबून तो पुन्हा वाकला. "आणि पाचव्या रांगेतही मीच! मला दोनदा केलंय!"

शेवटचं वाक्य तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही.

मग रांग लागली. चहा निवला, सॉसेज रोल तसेच पडून राहिले. गंमत अशी, की प्रत्येकाचा राग स्वतः सापडेपर्यंतच टिकत होता. सापडला, की माणूस बायकोला हाक मारी. "दात बघ गं! हुबेहूब!" एका शिंगवाल्यावर तर दोघांनी हक्क सांगितला आणि प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं. ज्यांना आपण सापडलो ते न सापडलेल्यांकडे दयेने बघू लागले.

ओल्डरशॉंनीही पुन्हा भिंग घेतलं. त्यांचा राक्षस कवट्यांच्या ढिगावर उभा होता.

"सगळ्यांत उंच मीच आहे ना रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच," गॅरेथ म्हणाला.

"हं. मग कलेच्या आड आपण येता कामा नये."

आणि त्यांनी भाषणच ठोकलं. आजवर इथे पुष्कळ सैन्यं आली. पण आपल्या माणसांचे चेहरे, तेही राईएवढे, घडवणारा हा एकच कलावंत निघाला. चषक कीथच्या हातात आला. थंडगार आणि चांगला जड होता. कीथने बोलायला तोंड उघडलं. मग त्याला ती बिलांची फळी आठवली आणि त्याने तोंड मिटलं. टाळ्या पडत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यासाठी पडत होत्या. मोह झाला बिचाऱ्याला, आणि कुणाला झाला नसता?

तेवढ्यात मागून हुंदका ऐकू आला. क्लबची चिटणीस लिंडसी अजून टेबलावर वाकलेली होती. भिंगाची काच पुसून पुसून ती एकेक राक्षस तपासत होती.

"मी कुठाय?" ती म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या वर्गण्या गोळा करतेय, तुमचे कप विसळतेय. आणि कीथ, मला साधं पिशाच्चसुद्धा केलं नाहीस?"

कीथ गाडी चालवायला शिकवायचा. रडणारी माणसं त्याला रोजच भेटत, तरी रडणं त्याला कधी सोसलं नव्हतं. तो चषक घेऊनच तिच्याजवळ गेला.

"अगं लिंडसी, तू त्यात नाहीस, कारण त्यात कुणीच नाही. मी कुणाचाही चेहरा केलेला नाही. हातपाय बदलले, धुरांडी बसवली, पण डोकी राहून गेली. शेवटच्या आठवड्यात सासूबाई राहायला आल्या ना. ती डोकी डब्यातली आहेत. आली तशीच चिकटवलीत."

गॅरेथने फोटो काढायला धरलेला फोन खाली घेतला. ओल्डरशॉंचा हात आपोआप नाकाकडे गेला. जगात जिथे जिथे खेळण्यांचं दुकान होतं, तिथे तिथे ते नाक डब्यात भरून विकायला ठेवलेलं होतं.

ते कीथजवळ आले आणि त्याच्या हातातून चषक काढून घेतला.

"आम्हाला राक्षस केलं असतंस ना, तर आम्ही पोटात घातलं असतं, कीथ," ते म्हणाले. "पण डब्यातलं डोकं जसंच्या तसं लावायचं? काही लाज?"