लिव्हर मधोमध होता

"इंजिन बंद कर आणि लिव्हरला हात लावू नकोस," मिस्त्री म्हणाले.

थोरल्या भावाने किल्ली फिरवली. गोठ्यापुढे एकदम शांत झालं. ट्रॅक्टरच्या पुढे लावलेला लोडर छातीएवढ्या उंचीवर थांबला होता, बकेट रिकामी. मिस्त्रींनी सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर खडूने रेघ ओढली आणि पालथ्या बादलीवर ते आरामात बसले.

धाकटी बहीण गोठ्याच्या दारात उभी होती. अकरा दिवस ती ट्रॅक्टरजवळ फिरकली नव्हती. त्या दिवशी सीटवर तीच होती. बाबा खाली गवताच्या गठ्ठ्याची जाळी सोडवत होते, आणि वर धरलेली भरलेली बकेट एकदम खाली आली. बाबांच्या पावलाची तीन हाडं मोडली. तिला कोणी रागावलं नाही. दादा फक्त म्हणाला होता, "यापुढे लोडर मीच चालवीन."

पाच मिनिटांत खडूची रेघ सिलिंडरच्या तोंडात शिरली. बकेट टीचभर खाली आली होती.

"पंप गेलाय," थोरला म्हणाला. "मला वाटलंच होतं."

"पंपाला उगाच बोल लावू नकोस. तो गेला असता तर लोडर वरच गेला नसता. उचलतोय झकास. उचललेलं धरवत नाहीये त्याला."

"मग सिलिंडरचं सील."

"असेल. त्यालाच विचारू."

लोडर पुरता वर घेऊन मिस्त्रींनी खाली दोन्हीकडे लोखंडी टेकू ठोकून बसवले. तेलाचा दाब सोडला. मग एका सिलिंडरचा वरच्या बाजूचा पाइप खोलला आणि मोकळ्या तोंडाखाली डबा धरला.

"आता चालू कर आणि वर उचलायला लाव. सील फाटलं असेल तर या तोंडातून तेलाची धार लागेल."

इंजिन घरघरलं. डब्यात दोन थेंब पडले, तिसरा तोंडाशीच लोंबकळत राहिला. दुसऱ्या सिलिंडरचंही तेच. धाकटी कधी दार सोडून डब्याशी येऊन वाकली, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"सील ठणठणीत," मिस्त्री म्हणाले. "राहिला वॉल्व्ह."

इंजिन बंद करवून ते सीटच्या उजव्या अंगाला गुडघ्यांवर बसले. लिव्हर पुढे ढकलला, सोडला. तो आपसूक मागे येऊन मधोमध उभा राहिला.

"लिव्हर तर मध्येच आहे," थोरला म्हणाला.

"वरून बघणाऱ्याला. खाली ये."

थोरला वाकला. लिव्हरचा सांधा झिजून सैल झाला होता, म्हणून लिव्हर नुसत्या वजनानेच मागे पडत होता. वर लिव्हर मधोमध उभा होता, पण वॉल्व्हमध्ये जाणारी दांडी दोन सूत पुढेच राहिली होती. तेवढ्या फटीतून तेल गुपचूप परत जात होतं. मिस्त्रींनी वॉल्व्हची मागची टोपी खोलली. आतली स्प्रिंग त्यांच्या तळहातावर पडली. दोन तुकडे.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तुटलेलं टोक डोळ्यांजवळ नेलं. "अर्धी चीर जुनी आहे. गंज धरलाय. उरलेली अलीकडेच तुटली. त्या दिवशीच म्हण." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "ताई, तुमच्या हाताने काही केलेलं नाही. लिव्हर सोडल्यावर दांडीने जागेवर यायला हवं होतं, ती आली नाही."

धाकटीने तुकडे हातात घेतले आणि एकमेकांना लावून पाहिले.

"पण लिव्हर बरेच दिवस ढिला लागत असणार," मिस्त्री म्हणाले. "रोज चालवणाऱ्याच्या हाताला कळतं ते."

"मी कुठे रोज बसते? त्या दिवशी दादा नव्हता म्हणून बसले."

थोरला चिंधीने हात पुसत होता. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "दोन महिने झाले. सोडल्यावर मी हाताने जरा मागे ओढून घ्यायचो, की लोडर थांबायचा. मग तशी सवयच लागली. तुला सांगायचं राहून गेलं."

मिस्त्रींना एकाएकी गाडीतला कुठला तरी पाना आठवला. ते उठून गेले.

"आणि नंतर?" धाकटीने विचारलं.

"नंतर... सांगायची हिंमत झाली नाही."

"अकरा दिवस मी माझ्या हाताकडे बघत बसलेय, दादा."

थोरल्याने मान हलवली. मिस्त्री परत आले, त्यांच्या हातात नवी स्प्रिंग आणि सांध्याची पिन होती. तेव्हा तो घरात गेला.

बाबा खिडकीपाशी खाटेवर होते, प्लास्टरचा पाय दोन उशांवर. थोरला त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. दोन महिन्यांचं आधी, अकरा दिवसांचं मागून.

"तिला सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"हो. आत्ताच."

"आधी तिला सांगितलंस ना?"

"हो बाबा."

"मग झालं. पायाचं काय, हाडं जुळतील."

थोरला तिथेच, खिडकीच्या आड उभा राहिला. बाहेर इंजिन सुरू झालं. मिस्त्रींचा आवाज आला, "सावकाश, ताई. आता सोडून द्या." बाबा कोपरावर रेलून थोडे वर झाले, मान इकडून तिकडे वळवली, आणि मग हाताने त्याला बाजूला सारत म्हणाले,

"सरक जरा. ती बसलीय, मला दिसत नाहीये."