डॅनिश गल्लीतला स्टोव्ह

"अहो, हे घड्याळाचं दुकान आहे, औषधांचं नव्हे," सरोजबाई म्हणाल्या आणि आबासाहेबांचा कोट धरून त्यांना मागे ओढलं.

"असं होय?" आबासाहेब काचेतल्या घड्याळांकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, खोकल्याचं काहीतरी मिळेल."

दोहाबाहेरच्या एका मैदानावर त्या हिवाळ्यात डेन्मार्कमधल्या जुन्या गावाची अख्खी गल्ली उभी केली होती. तिकडे म्हणे अशी जुनी घरं गोळा करून उघड्यावरच संग्रहालय करतात. त्यातलाच हा पाहुणा आलेला तुकडा. लाकडी पट्ट्यांची घरं, बेकरी, गोल दगडांचा रस्ता आणि जुन्या वेषात वावरणारी माणसं. शुक्रवारची सुट्टी बघून गंधार आईवडिलांना आणि बायकोला दुखान गावाहून गाडीत घालून घेऊन आला होता.

सरोजबाईंचं लक्ष मात्र गल्लीपेक्षा नवऱ्याकडे. नाशिकहून मुलाकडे राहायला आल्यापासून आबासाहेबांना काही म्हणजे काही आठवेनासं झालं होतं. वीज मंडळात उभा जन्म साहेबी केलेला माणूस, आता चहात मीठ टाकायला निघायचा. गंधारचा जन्म साताऱ्यात झाला म्हणायचा. सरोजबाईंनी चूक काढली की निमूट ऐकून घ्यायचा. बायकोचं ऐकून घेण्याची सवय त्यांना कधीच नव्हती, त्यामुळे हे दुखणं मोठं असणार, हे सरोजबाईंनी तेव्हाच ओळखलं.

सून नुपूर हुशार. तिने घराच्या दाराला घंटी लावली, गॅसला कुलूप घातलं, फोन नंबर कोरलेल्या साखळ्या दोघांच्याही मनगटात अडकवल्या. एकट्या आबांना घातली तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून सरोजबाईंनीही हौसेने हात पुढे केला. पोरगी स्वभावाने गोड. काहीही विचारा, कितीदाही विचारा, आवाज चढत नाही.

पण परवा गंधार फोनवर बोलत होता, ते त्यांच्या कानावर पडलं होतं. पुण्याजवळ अशा पेशंटची नीट देखभाल करणारी जागा आहे, आम्ही दोघं ड्यूटीवर, इथे सांभाळणं कठीण होत चाललंय. इतक्या वर्षांचा संसार, आणि आता हा माणूस परक्यांच्या हवाली करायचा? आज मुलासमोर यांनी एक तरी गोष्ट बरोबर सांगावी, एवढंच त्यांना हवं होतं. मग त्या मुलाला ठणकावून सांगणार होत्या की बघ, अजून सगळं गेलेलं नाही.

गल्लीच्या टोकाला एक जुनं स्वयंपाकघर होतं. म्हाताऱ्या माणसांनी आत येऊन बसायचं, वस्तू हाताळायच्या. एप्रन बांधलेल्या एका डॅनिश बाईने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि टेबलावर एक पितळी स्टोव्ह ठेवला. हा कसा पेटवतात ते मला कळतच नाही, असं ती नुपूरमार्फत म्हणाली.

"तिला सगळं येतं, आई," नुपूर हळूच म्हणाली. "माहीत नाही असं दाखवायचं, ही तिकडची पद्धत आहे. मग समोरचं माणूस शिकवायला लागतं, आणि शिकवता शिकवता त्याला आठवत जातं."

सरोजबाईंना ही युक्ती फार आवडली. जशी काही यांच्यासाठीच काढलेली. पण ती बाई बघत होती सरोजबाईंकडे. म्हणून त्यांनी स्टोव्ह नवऱ्यासमोर सरकवला आणि यांना विचारा, अशी खूण केली.

"सोपं आहे," आबासाहेब म्हणाले. "वरून रॉकेल ओतायचं आणि काडी लावायची."

सरोजबाईंनी धीर धरला. त्याच्या आधी काय करायचं, ते आठवा जरा, असं त्यांनी हळू आवाजात सुचवलं. आबासाहेबांनी बराच विचार केला आणि पाणी घालायचं म्हणून सांगितलं.

"भडका उडेल हो!" सरोजबाईंचा तोल सुटला. "द्या इकडे."

मग त्यांनी सगळं दाखवलं. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून आधी बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, भोक बुजलं की पिन मारायची. बोलता बोलता त्यांना रॉकेलची रांग आठवली, सासूबाईंची बोलणी आठवली, गंधारचं दूध असल्याच स्टोव्हवर उतू जायचं ते आठवलं. मध्येच आबासाहेबांनी सासूबाईंचं नाव चुकीचं सांगितलं, त्यावरूनही त्यांना ऐकावं लागलं. नुपूरला इंग्रजी करायला वेळ पुरेना.

दारात उभा राहून गंधार चष्मा पुसत होता. त्याचे भरलेले डोळे बघून सरोजबाईंनी स्टोव्ह बाजूला सारला. आपण हे काय करून बसलो? बापाला साधा स्टोव्हही आठवत नाही, हे आपणच लेकाला दाखवून दिलं. त्यांना रडू आलं. आबासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा एकदा विचारलं की पिन आधी मारायची का नंतर.

परतताना ऊन उतरलं होतं. गाडीत गंधार आणि नुपूर पुढे, म्हातारा-म्हातारी मागे. सरोजबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरून ठेवला. उद्या सकाळीच गंधारला सांगायचं, यांचं सगळं मी बघीन, पण यांना कुठे पाठवू नकोस. हेच मनात घोळवता घोळवता त्यांचा डोळा लागला.

गंधारने आरशातून मागे पाहिलं. "झोपली?"

"झोपली," आबासाहेब म्हणाले. "पुण्याला फोन कर आणि जागा नको म्हणून कळव."

"आबा, तुम्ही किती दमता."

"दमतो. पण आज ती तासभर माझ्यावर डाफरत होती, आणि तेवढा वेळ तिला सगळं आठवत होतं." त्यांनी सरोजबाईंच्या अंगावरची शाल सारखी केली. "उद्या मी काय विसरू, तेवढं सांग."