तीनशे बारा बंब

बंब फाटकातून बाहेर येऊन उभा राहिला, तसा भगवानने कॅमेरा डोळ्याला लावला आणि शीलाने वही उघडली.

"नंबर घेतलास?" त्याने विचारलं.

"घेतला. पुढचा डावा दिवा नवीन बसवलाय, तेही लिहिलं."

उल्हासनगरच्या अग्निशमन केंद्रातले सगळे या दोघांना ओळखत होते. अंबरनाथचे आणि बदलापूरचेही. भगवान शहाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. आठवड्याची एकच सुटी, ती अशी जायची. रविवारी सकाळी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातलं घर बंद करून दोघं निघायची. मोठा बंब, पाण्याचा टँकर, शिडीची गाडी, अँब्युलन्स, काहीही चालायचं. फोटो तो काढायचा. नंबर, तारीख, जागा ती लिहायची. रोल धुऊन आला की पलंगावर प्रिंट पसरून दोघं एकेक फोटो अल्बममध्ये लावायची.

खालच्या मजल्यावरच्या कौसाबाईंना या प्रकाराची मोठी गंमत वाटायची. बाकीची जोडपी लोणावळ्याला जातात, ही बंब बघायला जातात. त्यांनी एकदा शीलाला विचारलंच, कंटाळा नाही का येत म्हणून. ह्यांच्यासोबत कसला कंटाळा, असं म्हणून शीला पिशवीत पाण्याची बाटली भरत राहिली.

२००३ साली भगवानला कंपनीने नाशिकला बढती देऊ केली. सुपरवायझरची जागा, वर राहायला क्वार्टर. शीलाचं माहेर तिथून तासाभरावर. भगवानने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, की इथे सगळं बसलेलं आहे, तीन गावांतले ड्रायव्हर ओळखीचे झालेत, हे सोडून कुठे जायचं?

शीलाने त्याला भात वाढला.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने माहेरी फोन करून आईला कळवलं, की आमचं येणं रद्द झालं.

२००६च्या पावसाळ्यात मुंबईत लोकल गाड्यांमध्ये स्फोट झाले आणि सगळीकडे संशयाचं वातावरण झालं. अंबरनाथला एका हवालदाराने दोघांना हटकलं आणि चौकीत नेऊन बसवलं. सरकारी गाड्यांचे फोटो कशाला काढता, वहीत नंबर कसले लिहिलेत, याची विचारपूस दुपारपर्यंत चालली. भगवान घामाघूम झाला होता. छंद आहे साहेब, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. शीलानेही तेच सांगितलं, खूप वर्षांचा छंद आहे म्हणून. शेवटी तिथल्या अग्निशमन केंद्राचे प्रमुख जितेश भोईर स्वतः आले. ही आपली घरचीच माणसं आहेत, अशी हमी त्यांनी दिली, तेव्हा कुठे सुटका झाली.

दोघं घरी परतली. आता बास करू, असं कुणीतरी म्हणेल असं वाटत होतं. कुणीच म्हणालं नाही. पुढच्या रविवारी दोघं पुन्हा बाहेर पडली.

भोईरांनी ती हमी मनावर घेतली असावी. पुढच्या वर्षी अग्निशमन सेवा दिनाला त्यांनी केंद्रातच या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. तो दिवस चौदा एप्रिलचा, म्हणजे जयंतीचाच. सकाळी विहारात वंदना करून, पांढऱ्या कपड्यांतच दोघं अल्बमच्या पिशव्या घेऊन अंबरनाथला पोचली.

गाड्या बाहेर काढून शेडमध्ये टेबलं मांडली होती. तीनशे बारा फोटो. बघायला आलेल्यांत कोंडाजी नावाचे एक निवृत्त ड्रायव्हर होते. एका फोटोपाशी ते थांबले ते हलेचनात. ज्या बंबावर त्यांनी एकोणीस वर्षं काढली, तो कधीच भंगारात गेला होता. त्याचा फोटो त्यांच्या स्वतःकडेही नव्हता. शीलाने तो अल्बममधून काढला आणि त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्याने फोटो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि डोळे पुसत बाहेर जाऊन उभा राहिला.

मग भोईरांनी शाल काढली. भगवान पुढे आला, पण त्याने शाल घेतली नाही.

"साहेब, सत्कार माझा नको," तो माईकवर म्हणाला. "हा छंद हिचा आहे."

शीलाने चमकून वर पाहिलं.

त्याने सगळं सांगून टाकलं. लग्नाला आठवडा झाला होता. भावाचा कॅमेरा मागून आणून त्याने अंबरनाथ स्टेशनबाहेर हिचा फोटो काढला, आणि नेमका मागून बंब आला. प्रिंट हातात घेऊन ही म्हणाली, बंब किती छान आलाय. त्या दिवशी त्याला कळलं, हिला काय आवडतं ते. त्याला स्वतःला गाड्यांतलं काही कळत नाही, खरं तर सगळे बंब सारखेच दिसतात. सायरन तर नकोसाच वाटतो. पण हिचा जीव यात रमतो, म्हणून अकरा वर्षं एक रविवार चुकवला नाही. नाशिकही त्यासाठीच सोडलं आणि त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

टाळ्या पडल्या. भोईरांनी शाल शीलाच्या खांद्यावर घातली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला."

शीलाने माईक दोन्ही हातांनी धरला. मग ती नवऱ्याकडे वळली.

"मला वाटायचं, वेड ह्यांनाच आहे," ती म्हणाली. "त्या फोटोत मी कशी दिसतेय हे विचारायची लाज वाटली हो, म्हणून आपलं म्हटलं, बंब छान आलाय."