बागेतला पिवळा पक्षी

"पेशंटनं असं केलं तर मी रागावते हं," फिजिओथेरपिस्ट बाई हसत नळवाल्याला म्हणाल्या. मान वाकडी करून त्यांनी फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला होता आणि मोकळ्या हातांनी त्या डोळ्यांवर चढवायचं यंत्र पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी आतल्या काचांवर पातळ काळं झाकण बसवलं. ऊन काचांवर पडलं तर आतला पडदा जळतो, असं थोरल्याला सांगून त्या पुन्हा नळवाल्याशी हुज्जत घालू लागल्या.

थोरला बाबांशेजारच्या खुर्चीत चुळबुळत होता. आज एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. आई गेल्यापासून बाबांनी शाळेच्या व्हॅनला हात लावला नव्हता. मान आखडलीय, वळत नाही, हे एकच पालुपद. व्हॅनमधल्या पोरांना शाळेत सोडून थोरला रोज कामावर उशिरा पोचायचा. काल साहेबांनी शेवटचं बजावलं होतं. आता उशीर झाला तर यायचंच नाही.

मान खरंच आखडली असती तर त्यानं ब्र काढला नसता. पण एक्स-रे साफ होता. समोरच्या काकूंनी हात केला तरी बाबा ढिम्म. घरी येऊन म्हणायचे, मान वळत नाही रे, काय करू? जिना चढताना त्यांचा हात थोरल्याच्या खांद्यावर. का, तर मान वाकत नाही, पायरी कशी दिसणार?

आई होती तोवर ही मान कधी कुरकुरली नव्हती. आई व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर बसायची आणि तिच्या तोंडाची टकळी चालूच असायची. "सायकलवाला आलाय, हळू घ्या. डावीकडे फाटक उघडंय हो." पोरं म्हणायची, व्हॅन काकूच चालवते, काका नुसतं स्टिअरिंग धरतात. बाबाही हसायचे.

"चला काका." फोन खांद्यातच ठेवून बाईंनी मागून यंत्र बाबांच्या डोळ्यांवर चढवलं, पट्टा आवळला आणि मगच नळवाल्याला सोडलं. "आत बाग आहे. पक्षी उडेल तिकडे मान वळवायची, खांदे नाही. दिसतंय ना सगळं?"

मांडीवरच्या बाबांच्या मुठी आवळल्या.

"दिसतंय की," ते म्हणाले. "झकास बाग आहे."

टेबलावरच्या पडद्यावर थोरल्यालाही ती बाग दिसत होती. कोपऱ्यात मान किती वळली त्याचा आकडा होता. पिवळा पक्षी डावीकडे उडाला. आकडा जागचा हलला नाही.

"काका, पक्षी गेला की."

"बघतोय ना. मान येत नाही हो."

पक्षी वरच्या फांदीवर बसला. बाबांनी मान जराशी उजवीकडे नेली आणि कण्हले. बाईंच्या कपाळावर आठी पडली. थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढोंग करायचं तर निदान नीट तरी करावं.

तो उठून बाबांच्या पाठीमागे गेला आणि खिशातला किल्ल्यांचा जुडगा त्यानं फरशीवर टाकला.

बाबांची मान गर्रकन वळली. हनुवटी थेट खांद्यापर्यंत. पडद्यावरचा आकडा उसळला. बाईंनी आकड्याकडे पाहिलं, मग थोरल्याकडे, आणि नजर खाली वळवली.

"वळली की मान, बाबा."

बाबांनी मान हळूच सरळ केली. "हो," ते म्हणाले. "मानेला काही झालेलं नाही. खोटं बोललो."

"कशासाठी? घरात बसून आयतं खायला?"

"तसं समज."

"बाईंसमोर लाज काढलीत माझी. ते काही नाही, उद्यापासून व्हॅन तुम्ही चालवायची."

"पोरांना मी नेणार नाही." आवाज हळू होता, पण ठाम. "कामचोर म्हण, ढोंगी म्हण. ती व्हॅन विकून टाक. पण पोरं मागे बसवून माझ्या हातात स्टिअरिंग देऊ नकोस."

"आई असती तर तिला काय वाटलं असतं?"

बाबांनी मान खाली घातली. तीही विनासायास छातीपर्यंत गेली.

बाईंनी घाईघाईनं पट्टा सोडवला, यंत्र काढलं आणि तसंच पालथं टेबलावर ठेवलं. बाबांचे डोळे ओले होते. थोरल्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं लागल्यासारख्या बाई उगीचच कामाला लागल्या. त्यांनी पुसायचं फडकं घेतलं, खण उघडला, खिडकीच्या कट्ट्यावर पाहिलं, खुर्चीखाली वाकल्या.

"काय शोधताय?" थोरल्यानं विचारलं.

"झाकण हो, काचांवरचं. आत्ता तर हातात होतं."

तेवढीच मदत म्हणून थोरल्यानं टेबलावरचं यंत्र उचललं आणि सुलटं केलं. काळं झाकण दोन्ही काचांवर घट्ट बसलेलं होतं.