मखमली खुर्चीची बोटं

"या आमच्या संस्थानच्या राणीसाहेब, लग्नाच्या शालूत. वय वर्षं आठ," संग्रहालयातला गाईड म्हणाला. फोटोतला त्यांचा चेहरा आंघोळीला धरलेल्या मांजरीसारखा. "तेव्हा फोटोला वीस आकडे मोजून होईस्तोवर हलायचं नसे."

माझी लेक तीन वर्षांची, दोन आकडेसुद्धा थांबत नाही. उद्यापासून तिची बालवाडी. "मी वर्गात मागे बसू का?" असं मी बाईंना विचारलं, तेव्हापासून नवरा हसतोय.

तेवढ्यात मला दिसलं. राणीसाहेबांच्या मखमली खुर्चीखालून पायाची बोटं बाहेर आली होती, जोडव्यांसकट!

"त्या राणीसाहेबांच्या आईसाहेब," गाईड कुजबुजला. "लेक स्वस्थ बसेना, म्हणून मखमल पांघरून स्वतःच खुर्ची झाल्या. मांडीवर तिला घट्ट धरून बसल्या."

"बघ, राजघराण्यातली पद्धत आहे," मी नवऱ्याला सुनावलं.

"पण पकडल्या गेल्याच ना!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी हात जोडून मला वर्गाबाहेर काढलं. मी दाराच्या जाड पडद्यामागे उभी राहिले, बोटं नीट आत घेऊन. लेक मजेत होती. एकदाही तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मग तिचा खणखणीत आवाज आला, "बाई, पडदा रडतोय!"