तिरळं भांडं

शेनने मातीचा साचा फोडला आणि आतलं कांस्याचं भांडं उजेडात धरलं. भांड्यावरचा राक्षस चक्क तिरळा होता!

चीनच्या त्या जुन्या राजधानीत पितरांच्या नैवेद्याच्या भांड्यावर राक्षसाचा चेहरा लागायचाच. त्याचा अर्धा साचा कासार शेन कोरायचा, अर्धा त्याची बायको मेई. ओतण्याआधी दोघं ते अर्धे भाग एकमेकांना लावून बघत. या खेपेला मात्र अबोला होता आणि "जरा इकडे आण" म्हणायला कुणीच तयार नव्हतं.

"तुझाच डोळा चुकला," शेन पुटपुटला.

"बोललात एकदाचे!" मेई म्हणाली. "आता काम गेल्यावर बोलतच बसू."

सरदाराची विधवा दारात उभीच होती. नवऱ्याला पहिला नैवेद्य याच भांड्यातून दाखवायचा होता. बाईसाहेब वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. शेनने मान खाली घातली.

मग त्यांना असं हसू फुटलं की दासीला त्यांना सावरावं लागलं. "अगं बाई, हे तर ह्यांचंच तोंड! जेवताना एक डोळा मांसावर आणि दुसरा माझ्यावर, मी उठून तर जात नाही ना म्हणून!"

दुपारी पितरांच्या दालनात त्यांनी स्वतःच्या हाताने भांडं काठोकाठ भरलं, बाहीने डोळे टिपले आणि समोर बैठक मारली.

"सावकाश जेवा," त्या म्हणाल्या. "मी आहे इथेच."